भावजींच्या नावानं आलेली ईमेल

आधी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे डोकं थोडं शांत होईल आणि पुढचं नीट सांगता येईल. ती ईमेल मी उघडली नव्हती. आमच्या भाऊबंदांत लग्नाकार्याला गेलं की अजूनही माझी ओळख "हिनंच ती सगळी मापं घालवली बघा" अशी करून दिली जाते. लोक हसतात, आणि मीही इतकी वर्षं दात काढत उभी राहिले. आता केस पिकायला लागले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आता कुणाची भीड धरू? अप्पा, माझे वडील, गेले. त्यांच्यासमोर चारचौघांत बोलायचं राहिलं ते राहिलंच. निदान कागदावर तरी खरं उतरू दे.

बंगळूरच्या शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. खाली दुकान, वर माडीवर आम्ही. अप्पा शिंपी, त्यांचे वडील शिंपी, त्यांच्या मागचेही सगळे शिंपी. कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला म्हणून आमची माणसं या मुलखात आली आणि इथलीच झाली, असं घरात सांगायचे. खरंखोटं तो तंबू जाणे. आम्ही बोलायचो मराठी, पण त्यात कानडी इतकं कालवलेलं की पुण्याकडचा पाहुणा आला की दोन मिनिटं नुसता तोंडाकडं बघत बसायचा. "स्वल्प थांब गं, सरी, सरी, येते" हे आईचं एक वाक्य झालं, म्हणजे जरा थांब, बरं बरं, येते. सकाळी आधी मशिदीची बांग, मग चर्चची घंटा, मग खाली दुकानाचं शटर. आणि एकदा मशिनं सुरू झाली की त्यांची थरथर फळ्यांतून वर यायची. ताटातलं उप्पीट खाताना चमचा आपोआप वाजायचा. मला अभ्यासाला तो आवाज लागायचाच. रविवारी दुकान बंद असलं की मला एक अक्षर सुचायचं नाही.

दुकानाची खरी इस्टेट म्हणजे मापवह्या. लाल कापडी पाठीच्या, लांबट, आजोबांच्या वेळेपासूनच्या. आमच्याकडं एकदा माप दिलं की पुन्हा यायची गरज नाही, हीच दुकानाची कीर्ती. माणूस बदली होऊन कुठंही जावो, कापड पाठवून द्यायचं, शिवून घरपोच. आणि वहीत नुसते छाती, कंबर, मुंढा, बाही एवढे आकडे नव्हते. पुढं अप्पांचे शेरे असायचे. "डावा खांदा स्वल्प पडका, आत कापूस भरणे." "पोटाचं माप मोठ्यानं म्हणू नये." "बायको सैल सांगते, हा घट्ट घालतो, मधलं धरणे." एका माणसाच्या अंगाबद्दल त्याच्या आईलाही माहीत नसेल ते अप्पांच्या वहीत असायचं, आणि ते वहीतच राहायचं. गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं. आपण इतके सरळ कसे दिसतो हे त्याला कधी कळायचं नाही.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. अप्पांनी हौसेनं घरी एक कॉम्प्युटर आणला, सुटे भाग जोडून घेतलेला. तो माडीवर खिडकीपाशी ठेवला आणि वर आईनं जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं. ती मापं मी त्यात घालायची ठरली. दोन उन्हाळे मी तेच केलं. अप्पांनी मशीन मारता मारता ओरडून सांगायचं, मी वर टाइप करायचं. शेरेसुद्धा, इंग्रजी अक्षरांत मराठी. घरात फारसं शिकलेलं कुणी नव्हतं तरी मला एवढी अक्कल होती की यंत्राचा भरवसा धरू नये. म्हणून दर शनिवारी मी सगळं सहा फ्लॉपींवर उतरवून घ्यायचे. व्हायरस पकडायचा प्रोग्रॅम होता, तोही आठवड्याला नेट लावून ताजा करायचे. मोडेम कर्र-कुर्र करत अर्धा तास रडायचा आणि तेवढा वेळ फोन अडकून राहायचा. आई म्हणायची, "काय गं, त्याला रोज औषध पाजतेस होय?" मी म्हणायचे, रोज नाही, आठवड्यानं. वर वह्या होत्याच कपाटात. तीन ठिकाणी मापं होती. याहून जास्त एकोणीस वर्षांच्या पोरीनं काय करायला हवं होतं ते मला आजही कुणीतरी समोर बसून सांगावं.

आणि मग आमच्या घरात जावई आले. माझ्या अक्काचं, सुमनचं, लग्न त्याच वर्षी झालं. भावजी बेळगावकडचे, इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत नोकरी, तिथंच भाड्याचा फ्लॅट. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉम्प्युटरवर पगार घेणारा हा पहिला माणूस. जावई आधीच दशमग्रह, त्यात हा इंजिनियर! ते जिन्यात दिसले की अप्पा गळ्यातला टेप काढून खिशात घालायचे, जसं काही टेप गळ्यात असणं म्हणजे उघड्या अंगानं बसणं. भावजी बोलले की घरात पंखासुद्धा हळू फिरायचा. तसे माणूस म्हणून वाईट नव्हते, हे प्रामाणिकपणे लिहिते. आईच्या हातचं मनापासून खायचे आणि तसं तोंडानं म्हणायचे. फक्त एक होतं. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या खुर्चीत बसून कॉम्प्युटर तपासला. "हा अँटिव्हायरस कशाला ठेवलायस? मशीन स्लो करतोय. आमच्या ऑफिसात सगळं वरून सिक्युअर असतं." मी म्हटलं, भावजी, हे घर आहे, इथं वरून फक्त गळतं. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. भावजींनी तो प्रोग्रॅम काढून टाकला. ते गेल्यावर मी परत घालीन म्हणून ठरवलं, तर अप्पा म्हणाले, "त्यांनी काढलंय ना? मग राहू दे. परत आले आणि विचारलं तर काय सांगू?" म्हणजे व्हायरस आला तर चालेल, जावई रुसला तर चालणार नाही!

मग गणपतीला आले, तेव्हा त्यांची नजर मापवह्यांच्या कपाटावर गेली. "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, मग ही धूळ कशाला सांभाळताय मामा? एवढ्या जागेत एक मशीन बसेल." अप्पांनी वह्या रद्दीत घालणं शक्यच नव्हतं. लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग काढला. गणपतीबरोबर त्यांचं विसर्जन करायचं! मी अक्षरशः पाया पडले. म्हटलं, अप्पा, माळ्यावर टाका, माझ्या पलंगाखाली टाका, पण राहू द्या. अप्पांनाही ते जड जात होतं, मला दिसत होतं. आजोबांच्या हातची पहिली वही त्यांनी दोनदा उघडून मिटली. पण भावजी शेजारी उभे होते. हलसूरच्या तळ्यात, गुलाल लावून, हळदकुंकू वाहून, आमच्या तीन पिढ्यांची मापं बुडाली. आणि आई काठावर हात जोडून "पुनरागमनाय च" म्हणत होती. कशाचं पुनरागमन, डोंबलाचं!

आता खंडेनवमी. बंगळूरला आयुधपूजेचं वेड किती ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. रिक्षा, बस, लिफ्ट, पिठाची गिरणी, सगळ्यांना झेंडू आणि कोहळा. आमच्या दुकानात तर तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मशिनं धुऊनपुसून तेल घालून ठेवायची, कातरी, इस्त्र्या, टेप, खडू, सुयांच्या डब्या, सगळं पाटावर मांडायचं, पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. आयुधं त्या दिवशी विश्रांती घेतात. एकदा एका कारागिरानं त्या दिवशी लोंबता दोरा कापायला कातर उचलली तर अप्पांनी त्याला दुकानाबाहेर काढलं होतं. त्या वर्षी कॉम्प्युटरही आयुधांत गणला गेला. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर गंधाची बोटं, आणि अप्पांच्या सांगण्यावरून माझ्या सहा फ्लॉपी पितळी ताटात. ताट मी स्वतः आईच्या हातात दिलं. एवढी एक चूक माझी, ती मी कबूल करते.

जेवण झकास झालं. पुरणाच्या होळिगे, डाळीचे आंबोडे, कोसंबरी, शेवयांचं पायस. भावजींनी सहा होळिगे खाल्ल्या आणि आई कृतार्थ झाली. विडा झाल्यावर ते माडीवर कॉम्प्युटरपाशी गेले. "जरा मेल बघतो." मी म्हटलं, "भावजी, आज नको. आज सगळी यंत्रं बंद असतात." ते हसले. मी अप्पांकडं बघितलं. ज्या माणसानं कातर उचलली म्हणून कारागीर हाकलला, तो माणूस म्हणाला, "जाऊ दे गं शैले, जावई आहेत. देव काही म्हणणार नाही." देवाचं जाऊ दे, मी म्हणत होते त्याचं काय?

माळ बाजूला करून त्यांनी कॉम्प्युटर लावला, मोडेम रडला, आधी आमच्याच पत्त्यावरची पेटी उघडली. त्यात एक ईमेल होती, भावजींच्याच ऑफिसच्या पत्त्यावरून आलेली, त्यांच्याच नावानं. खाली फाईल जोडलेली, आणि त्या फाईलच्या नावाला दोन शेपट्या, म्हणजे टिंब देऊन मागं तीन अक्षरं, अशी दोनदा. मला कॉलेजात एवढंच एक पक्कं शिकवलं होतं, की दोन शेपट्यांच्या फाईलला हात लावायचा नाही. मी विचारलं, "भावजी, ही तुम्ही पाठवलीत का?"

"पाठवली असेन."

"आठवत नाही?"

"अगं, माझ्याच नावानं आलीय ना? मग माझीच असणार. माझ्याकडून आलेली फाईल मीच उघडायची नाही होय?"

हा संवाद मी एक अक्षर न बदलता लिहिते आहे. स्वतः न पाठवलेली, त्यांच्या ऑफिसच्या मशीनमधल्या व्हायरसनं परस्पर पाठवलेली ईमेल, स्वतःचं नाव दिसलं म्हणून, या इंजिनियरनं उघडली. काही दिसलं नाही म्हणून पुन्हा उघडली. "स्लो आहे मशीन" म्हणत तिसऱ्यांदा. आणि डब्यावरचा लाल दिवा जो लुकलुकायला लागला तो थांबेचना. आत काहीतरी सपाटून चाललं होतं. मला कळलं. प्लग माझ्या हाताशी भिंतीत होता. मी हात घातला, आणि अप्पांनी माझं मनगट धरलं.

"काय करतेस? ते बसलेत ना तिथं! जावयाच्या पुढ्यातली वीज काढतात का? ताटावरून उठवल्यासारखं दिसतं."

"अप्पा, मापं जातील!"

"काही जात नाही. ते आहेत."

दिवा लुकलुकत राहिला आणि अप्पांचा हात माझ्या मनगटावर राहिला. अक्का दारात सुपारीचं तबक घेऊन उभी होती, ती एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. थोड्या वेळानं भावजी कंटाळून उठले आणि आतल्या खोलीत जाऊन घोरायला लागले. त्यानंतर मी प्लग काढला. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी, आयुधं उतरवल्यावर, मी कॉम्प्युटर लावला. फायलींची नावं सगळी जागेवर होती, ए पासून झेड पर्यंत. आत काही नव्हतं. प्रत्येक फाईलचं वजन शून्य. कपाटात हँगर ओळीनं टांगलेले आणि कपडे गेलेले, तसं. मी म्हटलं, हरकत नाही, फ्लॉपी आहेत. पहिली घातली, तर आतून असा खर्र आवाज आला की मी ती तशीच बाहेर ओढली. पत्र्याचं झाकण सरकवून बघितलं तर आतल्या तपकिरी चकतीवर हळद, आणि हळदीवर कुंकू. ओलं करून लावलेलं, नीट बोटभर. सहाच्या सहा. मी खाली धावत गेले. आई म्हणाली, "मग? नुसत्या झाकणावर कुंकू कसं लावायचं? आतल्या देवाला लागायला नको?" तिला मी कधीही बोल लावला नाही, आणि आजही लावणार नाही. ती चकती काय असते हे तिला कुणी सांगितलं होतं? मीसुद्धा नाही. माझा राग आईवर नाही, हे इथं ठळक लिहून ठेवते.

भावजी चहा घेत होते. त्यांनी येऊन बघितलं, दोनचार बटणं दाबली आणि निकाल दिला. "हिनं काहीतरी डाउनलोड केलं असणार. ही कॉलेजची मुलं वाट्टेल ते उतरवून घेतात. आणि फ्लॉपी अशा ठेवतात का? बॅकअपची काही शिस्त असते." मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी अप्पा बोलले. खाली बघत, पण स्पष्ट बोलले, "हो. शैलीच्या हातून झालं." बस. एवढंच वाक्य. त्या वाक्यानं मी आमच्या घरातली, गल्लीतली आणि दोन महिन्यांत सगळ्या गोतातली 'मापं घालवणारी' झाले. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ अजून पुरते गेलेसुद्धा नव्हते हो!

दिवाळीची कामं डोक्यावर. अप्पा डोळे मिटून बसायचे आणि आठवतील तेवढी मापं सांगायचे, मी नव्या वहीत लिहायचे. आपल्या हातची त्यांना बरीच आठवली, पण वहीच्या आधारानं चाललेली किती होती ते तेव्हा कळलं. उरलेल्यांना निरोप गेले, की एकदा येऊन माप द्या. आणि प्रत्येकाला कारण सांगायचं काम माझं. "माझ्या चुकीमुळं आपल्याला त्रास" हे मी मराठीत म्हटलं, कानडीत म्हटलं, मोडक्या तमिळमध्ये म्हटलं. लोक म्हणायचे, असू दे पोरी, होतं. त्या 'असू दे'नं माझ्या अंगाची आग व्हायची. केलेल्या चुकीची माफी मिळाली तर माणूस हलका होतो. न केलेल्या चुकीची माफी गिळायची म्हणजे काय असतं ते मला विचारा.

त्यात यशवंतपूरचे गोविंदराजू आले. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, उंच, ताठ, आजोबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांची पाटलोण म्हणजे आमच्या दुकानाची जाहिरात, अशी सरळ पडायची. आमच्याकडं रिवाज असा, की एकानं माप घ्यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं लिहायचं. अप्पा आत कापड कापत होते, म्हणून टेप मी धरला आणि कारागीर लिहायला बसला. मी कंबर म्हटली, सीट म्हटली, उजव्या पायाची लांबी म्हटली, एकोणचाळीस. मग डाव्या पायाची. टेप दोनदा लावून बघितला आणि मोठ्यानं म्हटलं, "साडेअडतीस." आतून अप्पांची कातर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला वहीतला तो शेरा आठवला. मीच टाइप केला होता. "डावा पाय अर्धा इंच कमी. त्यांना ठाऊक नाही. मोठ्यानं म्हणू नये."

गोविंदराजूंनी आधी टेपकडं बघितलं, मग आरशात. "पुन्हा घे," म्हणाले. मी घेतलं. तेवढंच भरलं. अप्पा बाहेर येऊन उभे राहिले. गोविंदराजू त्यांना कानडीत म्हणाले, "तीस वर्षं तू मला दोन वेगळ्या पायांची पाटलोण शिवून देत होतास?" अप्पा म्हणाले, "सरळ पडायला पाहिजे ना, सर." "मला सांगायचं होतंस," एवढं बोलून ते बाहेर पडले. त्यांनी कापड नेलं नाही, पण ते परतही आले नाहीत. पुढं एकदा मी त्यांना बस स्टँडवर बघितलं. इतका ताठ चालणारा माणूस खाली आपल्या पायांकडं बघत चालला होता. ते मला आजही दिसतं, आणि त्या वेळी मात्र चूक खरंच माझ्या तोंडून झाली होती.

त्या दुपारी मी अप्पांना गाठलंच. कारागीर जेवायला गेले होते, दुकानात आम्ही दोघंच. म्हटलं, "अप्पा, आता इथं कुणी नाही. ती ईमेल कुणी उघडली?"

अप्पा कापडावर खडूनं रेघ ओढत राहिले. "त्यांनी."

"प्लग मला कुणी काढू दिला नाही?"

"मी."

"मग सगळ्यांना माझं नाव का सांगता?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "शैले, अक्का त्या घरात नवी आहे. सासुरवाडीत जावयाची मान खाली गेली की त्याचं उट्टं घरी जाऊन बायकोवर निघतं. मी बघितलंय. तू आमच्यातली आहेस, तुला बोललं तर आमच्यातच राहतं. तुला सोसतं."

"मला सोसत नाही, अप्पा."

"सोसेल."

मला त्यांचं म्हणणं कळलं, आणि म्हणूनच जास्त चीड आली. एका मुलीला वाचवायला दुसरी पुढं करायची, आणि वर त्याला माया म्हणायचं! त्या माणसानं मला पुढं शिकवलं, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी नवा ड्रेस शिवून दिला, आजारपणात माझ्याच हातनं औषध घेतलं. पण ते वाक्य त्यांनी कधी मागं घेतलं नाही. मी वाट बघितली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातसुद्धा मी उशापाशी बसून वाट बघत होते.

आता माझ्या सवयींना घरात हसतात. महत्त्वाचं काही असलं की मी त्याच्या तीन प्रती करते, एक घरात, एक शेजारच्या नंजम्मांच्या कपाटात, एक ऑफिसात, आणि प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी लावते, 'याला कुंकू लावू नये'. महिन्यातून एकदा त्या उघडून बघते, कारण न उघडलेली प्रत म्हणजे नुसतं समाधान. फोनवर लग्नपत्रिका म्हणून फाईल आली तर आधी त्या घरी फोन लावते आणि विचारते, तुम्हीच पाठवलीत ना? लोकांना राग येतो. मावशीनं पाठवलेली पत्रिका उघडायची नाही म्हणजे काय! अहो, पण मावशीला तरी माहीत आहे का तिनं पाठवली ते? आपल्याकडं नाव बघून दार उघडतात आणि नाव मोठं असलं की फटीतून कोण आहे तेही बघत नाहीत. चोरांना हे आपल्याआधी कळलंय.

गेल्या महिन्यात अक्काकडं इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होतो. मी तिला म्हटलं, मी ते सगळं लिहायला घेतलंय, तुला चालेल का? मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "लिही. काही गाळू नकोस."

"तुला माहीत होतं?"

"मी दारातच उभी नव्हते का? अप्पांनी मला त्याच दिवशी शपथ घातली, बोलायचं नाही म्हणून. म्हणाले, तुझ्यासाठीच आहे हे." तिनं एक शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "शैले, त्या दिवशी माझ्या माहेरच्या चार माणसांदेखत यांना कळलं की यांची चूक यांच्यावर येत नाही. कुणीतरी असतं घ्यायला. इथं आल्यावर तू नव्हतीस ना. मग मी होते. पंचवीस वर्षं झाली, या घरात जे काय बिघडतं ते मीच बिघडवलेलं असतं. अप्पांनी तेव्हा एकदा तोंडावर सांगितलं असतं, तर चार दिवस फुगून बसले असते. चारच दिवस. मी काढले असते की गं."

इतकी वर्षं मी माझंच दुखणं कुरवाळत बसले होते. मला वाटायचं, किंमत मी मोजली आणि निदान अक्का तरी सुटली. कुणीसुद्धा सुटलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून भावजींचा आवाज आला, त्याच सुरात, "सुमन, तू परत काय दाबलंस? नेट गेलंय."

अक्का सवयीनं हात पुसत उठायला लागली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि बसल्या जागेवरून, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "भावजी, ती इथं माझ्यासमोर बसलीय. तुमच्याच हातून झालंय. उठा आणि बघा."

अक्कानं माझा हात गच्च धरला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.